पाण्याखालचा उजेड आणि चार पेन्सिल सेल

आजची गोष्ट उजेडाची आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी, ऑक्टोबरअखेर मालवणला डायव्हिंगला गेलो होतो. पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं, त्यामुळे माझा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, मे महिन्यापासून कपाटातच होता. त्याचे चार पेन्सिल सेल तेव्हाच फुल चार्ज करून ठेवले होते. वर २७०० एमएएच छापलेलं, म्हणून मी निर्धास्त. आठ-नऊ मीटर खाली एका कपारीत मस्त लायनफिश दिसला. पहिला फ्लॅश उडाला. दुसऱ्याला दिवा तयारच होईना. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, त्यामुळे उरलेले सगळे फोटो हिरवट-करडे आले.

चिडून घरी आलो आणि वाचायला बसलो. तेव्हा कळलं, हे दुखणं सव्वाशे वर्षं जुनं आहे.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल-सुर-मेर नावाचं गाव आहे. तिथल्या सागरी प्रयोगशाळेत लुई बुताँ नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. १८९३ मध्ये त्यांनी पाण्याखाली फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्याची पेटी भावाच्या मदतीने बनवलेली. नैसर्गिक उजेडात एका फोटोला कधी कधी अर्धा तास लागायचा! मग शॉफूर नावाच्या इंजिनिअरने त्यांना एक युक्ती करून दिली: काचेच्या बाटलीत ऑक्सिजन आणि मॅग्नेशियमची पट्टी, आणि ती पेटवायला वीज. उजेड पडायचा, पण बाटली फुटायचीही. पुढची युक्ती तर अजून भारी. ऑक्सिजन भरलेलं मोठं पिंप, त्यावर काचेखाली स्पिरिटचा दिवा, आणि रबरी फुगा दाबून त्या ज्योतीवर मॅग्नेशियमची पूड फुंकायची.

शेवटी १८९९ मध्ये बुताँ बॅटरीवर चालणाऱ्या आर्क दिव्यांकडे वळले आणि ५० मीटर खोलीवरचा फोटो मिळाला. गंमत बघा, त्याच वर्षी स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर यांनी निकेल-कॅडमियमची रिचार्ज होणारी बॅटरी बनवली. आपल्या सेलची ही आजीच म्हणा ना!

स्फोट मात्र लगेच थांबले नाहीत. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ लाँगली आणि मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, तेव्हा तराफ्यावर एका वेळी पौंडभर मॅग्नेशियम उडवायचे. त्यात लाँगली एकदा भाजलेही. खरी सुटका केली ती एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टन यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने. १९५३ पासून ते कुस्तो यांच्या मोहिमांवर जायला लागले आणि तिथल्या लोकांनी त्यांचं नावच 'पापा फ्लॅश' पाडलं.

आजचा स्ट्रोब त्याच तत्त्वावर चालतो. सेल कपॅसिटर भरतात, कपॅसिटर एका क्षणात रिकामा होतो. भरताना सेलमधून भरपूर करंट खेचला जातो. साधे अल्कलाइन सेल इथे दमतात, कारण त्यांचा आतला रोध जास्त. निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचाच असतो, पण दम टिकवतो.

मग माझे का झोपले? कारण जुन्या पद्धतीचे हे सेल नुसते पडून पडूनही रिकामे होतात. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले, त्यांचा दावा होता की वर्षभर पडून राहिल्यावरही ८५ टक्के चार्ज शिल्लक राहील. आकडा होता फक्त २०००. मी मात्र २७०० बघून भुललो होतो. आता मी खोक्यावर 'लो सेल्फ-डिस्चार्ज' लिहिलंय का, ते आधी बघतो.

आणि चार्जर! माझा स्वस्तातला चार्जर सेल जोडीने भरायचा. जोडीतला एक आधीच अर्धा भरलेला असेल, तर तो तापायचा आणि दुसरा उपाशी. चांगला चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघतो. सेल भरला की त्याचा व्होल्टेज किंचित खाली येतो, ते ओळखून तो थांबतो.

आता जरा गंभीर गोष्ट. स्ट्रोबमध्ये चारही सेल एका साखळीत असतात. त्यातला एक कमकुवत असेल तर तो आधी रिकामा होतो आणि बाकीचे तिघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात, त्यामुळे त्याचे ध्रुव उलटतात. त्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो. ओ-रिंगने घट्ट बंद केलेल्या डब्यात तो जाणार कुठे? आठवतेय ना ती बुताँची बाटली? म्हणून चौघं एकाच दिवशी विकत घेतलेले, एकत्र वापरलेले, एकत्र चार्ज केलेले. मी मार्करने 'क१' ते 'क४' असे नंबर टाकलेत. भावाच्या टीव्ही रिमोटला त्यातला एकही देत नाही, कितीही मागू दे.

टॉर्चसाठी लिथियमचे १८६५० सेल घेत असाल, तर ९९०० एमएएच छापलेला दिसला की दुकानातून सरळ बाहेर या. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण ३५०० मावतात. आणि विमानात हे सुटे सेल हातातल्या बॅगेत, टोकांना टेप लावून.

परवा पुन्हा मालवणला निघतोय. आत्ता रेकॉर्डिंग करताना समोर चार्जर सुरू आहे. 'क३'चा दिवा मघापासून लाल लुकलुकतोय. म्हणजे आता चौघांनाही रजा, नवा संच काढतो. चला, भेटू पुढच्या भागात!