नवजात बाळांचा एक्स-रे : किरणांच्या मात्रेचा इतिहास

नवजात बाळाचा एक्स-रे काढायचा म्हटलं की आई-वडील हमखास विचारतात, "डॉक्टर, याचा त्रास तर होणार नाही ना?" हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यामागे मोठा इतिहास आहे.

१८९५ साली रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले. थोड्याच वर्षांत लहान बाळांच्या छातीचे फोटो निघू लागले आणि त्यात हृदयाच्या वर एक रुंद सावली दिसू लागली. ती थायमस ग्रंथीची. तान्हेपणी ती मोठी असणं अगदी नैसर्गिक असतं. पण अचानक दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनातही ती 'मोठी' दिसे. दीर्घ आजारात थायमस आक्रसतो, आणि डॉक्टरांना एरवी पाहायला मिळत ती आजारानं खंगलेल्या मुलांची शवं. त्यामुळे आक्रसलेली ग्रंथी 'नॉर्मल' ठरली आणि निरोगी ग्रंथी रोगी!

मग उपाय काय? तर पुन्हा क्ष-किरणच. १९०७ मध्ये सिनसिनाटीच्या डॉ. फ्रीडलॅन्डर यांनी बाळाच्या थायमसवर किरणोपचार केले आणि ही पद्धत अमेरिकेत रुळली. म्हणजे बघा, नसलेल्या आजारासाठी हजारो बाळांना किरण दिले गेले. थायमसच्या वरच, गळ्यात, थायरॉईड असते. तिलाही ते लागले.

१९५० साली न्यूयॉर्कच्या डफी आणि फिट्झगेराल्ड यांनी थायरॉईडचा कर्करोग झालेल्या २८ मुलांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुलांना तान्हेपणी हेच उपचार झालेले होते. पुढे रोचेस्टरमध्ये हेम्पलमन यांनी अशा अडीच हजारांहून अधिक मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. तुलनेला त्यांचीच सख्खी भावंडं घेतली. धोका खरा निघाला.

आता इथे एक फरक नीट लक्षात घेऊ या. त्या उपचारांत थायरॉईडला सरासरी एक ग्रेपेक्षा जास्त मात्रा मिळाली होती. युरोपीय आयोगाने १९९६ मध्ये नवजात बाळाच्या छातीच्या एक्स-रेसाठी त्वचेपाशी संदर्भमात्रा सुचवली, ती ८० मायक्रोग्रे. एका ग्रेमध्ये दहा लाख मायक्रोग्रे असतात. म्हणजे हजारो पटींचा फरक. म्हणून गरजेच्या एक्स-रेला घाबरून नकार देणं हा काही या इतिहासाचा धडा नव्हे. श्वास लागलेल्या बाळाला तो फोटो जीवदान देऊ शकतो.

पण निष्काळजीपणाला मुभा नाही. फिल्मच्या काळात मात्रा जास्त झाली की फोटो काळा पडायचा, चूक लगेच दिसायची. डिजिटल यंत्र मात्र जास्त मात्रेतही छान चित्र देतं. चूक लपते, आणि मात्रा हळूहळू चढत जाते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर आठवड्यात अनेक फोटो लागू शकतात. म्हणून किरणांचा झोत हव्या तेवढ्याच भागापुरता आवळायचा, बाळ नीट धरायचं म्हणजे फोटो पुन्हा काढावा लागत नाही, आणि प्रत्येक वेळी मात्रेची नोंद ठेवायची.

आणि सगळ्यात आधी विचारायचं : या फोटोनं उपचारात काही बदल होणार आहे का? थायमसच्या वेळी हा प्रश्न कुणी पुरेसा विचारला नाही. त्याची किंमत त्या मुलांनी मोठेपणी मोजली.