प्रार्थनेची भाषा

३० ऑगस्ट १९९९ रोजी पूर्व तिमोरमध्ये सार्वमत झाले. इंडोनेशियाच्या अंतर्गत विशेष स्वायत्तता मान्य आहे की नाही, असा मतपत्रिकेवरचा प्रश्न होता. 'नाही' म्हणजे स्वातंत्र्य, हे प्रत्येकाला ठाऊक होते. त्या दिवसांत चर्चमध्ये शांततेसाठी प्रार्थना होत असत. प्रार्थनेच्या शब्दांनी कोणाची बाजू घेतली नव्हती. पण ती तेतुम भाषेत होत होती, आणि एवढ्यानेच बरेच काही बोलून होत होते.

तिमोर शतकानुशतके पोर्तुगिजांकडे होता. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चाले. तेतुममध्ये चर्चला 'इग्रेजा' म्हणतात, आपल्या गोव्यात 'इगर्जी'. शब्द एकाच गलबतांतून उतरलेले.

डिसेंबर १९७५ मध्ये इंडोनेशियाने आक्रमण केले. शाळा-कचेऱ्यांतून पोर्तुगीज गेली, इंडोनेशियन आली. पूजाविधीची भाषा कोणती, हा प्रश्न चर्चपुढे उभा राहिला. इंडोनेशियन स्वीकारणे सोपे होते. चर्चने तेतुम निवडली आणि १९८१ मध्ये व्हॅटिकनने तिला मान्यता दिली. घरात आणि बाजारात बोलली जाणारी भाषा वेदीपाशी पोचली. देवासाठी 'मारोमाक' हा देशी शब्द होता. धर्मगुरूला 'आमु लुलिक' म्हणत, आणि पूर्वजांच्या पवित्र घरांना 'उमा लुलिक'. जुन्या श्रद्धेचे शब्द नव्या श्रद्धेत सुखाने नांदले.

इंडोनेशियात प्रत्येक नागरिकाला सरकारमान्य धर्मांपैकी एक नोंदवावा लागे. पूर्वजपूजक तिमोरी मोठ्या संख्येने कॅथलिक झाले. १९७५ मध्ये एक तृतीयांशाहून कमी असलेला समाज पुढच्या दोन दशकांत बहुसंख्य झाला. जिथे आपल्या भाषेत मोकळेपणाने जमता येते, अशी जागा चर्चखेरीज फारशी उरली नव्हती.

म्हणूनच तिथे आसरा घेणारेही लक्ष्य झाले. ६ एप्रिल १९९९ ला लिकिसा येथे चर्चच्या आवारात आलेल्या लोकांवर इंडोनेशियन लष्कराच्या पाठबळावर वाढलेल्या टोळ्यांनी हल्ला केला. तरीही ऑगस्टमध्ये नोंदणी झालेल्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी मत दिले. ४ सप्टेंबरला निकाल लागला: ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारली होती.

दोनच दिवसांनी सुआईच्या चर्चमध्ये आश्रितांची कत्तल झाली. तीन धर्मगुरू मारले गेले. त्यांतले तार्सिसियुस देवांतो जावाचे, म्हणजे इंडोनेशियनच होते. फालिंतिलचे गनिमी सैनिक मतदानाआधीच ठरलेल्या छावण्यांत जाऊन बसले होते. गावे जळत असतानाही ते तिथून हलले नाहीत. हलले असते, तर हत्याकांडाला यादवी ठरवण्याची सोय झाली असती. आंतरराष्ट्रीय सैन्य २० सप्टेंबरला उतरले.

मग प्रार्थना फुकट गेली का? मारल्या गेलेल्यांच्या घरी जाऊन 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. पण शांतता मागणाऱ्यांनी ती पाळलीही, आणि तिची किंमतही त्यांनीच मोजली, एवढे इतिहासात नोंदवले पाहिजे. २००२ मध्ये देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेने पोर्तुगीजबरोबर तेतुमला राजभाषा केले. वीस वर्षे जिच्यात लोकांनी देवाकडे मागणे मागितले, तिच्यातच आता सरकारकडे मागता येऊ लागले.