राणीच्या बागेची वर्गणी

भायखळ्याच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचे तैलचित्र कोणी रंगविले, तर गर्द झाडी, घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आणि मागे ती भव्य वास्तू असे देखणे दृश्य उतरेल. आमच्या भागातून गिरणीत गेलेली माणसे रविवारी पोराबाळांसह तेथे जात, ती मात्र वाघ पाहावयास!

त्या चित्रात मला वर्गणीची वही दिसते. ज्याचा जन्म कामगारांची वर्गणी गोळा करण्यात गेला, त्याला दुसरे काय दिसणार? डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट प्रभृतींनी खटपट केली, लोकांनी पैसा दिला, 1862 साली पायाभरणी झाली. अमेरिकेतील यादवीमुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. 1865 साली ते युद्ध संपले, बाजार कोसळला, देणाऱ्यांचे हात आखडले आणि काम रखडले. अखेर सरकारने ते पुरे केले; 1872 साली दारे उघडली. वर्गणी राणीच्या गौरवार्थच मागितली होती, हे खरे. पण पैसा घ्यावा एकाचा आणि पावती फाडावी दुसऱ्याच्या नावे, हा हिशेब आमच्या संघटनेत चालत नाही. भाऊ दाजी 1874 साली वारले. त्यांचे नाव इमारतीला लागले ते 1975 साली.