निद्रिस्त संगणक आणि काळाची नोंद : लिनक्स कर्नलमधील कालगणनेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्रचालन प्रणालींच्या इतिहासात वेग, स्मृती आणि सुरक्षा यांची चर्चा विस्ताराने होते. कालगणनेचा प्रश्न मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वस्तुतः घटना केव्हा घडली हे निश्चित करता आले नाही, तर कोणती घटना आधीची व कोणती नंतरची हेही सांगता येत नाही. संगणक 'सस्पेंड' म्हणजे निद्रावस्थेत जातो तेव्हा हा प्रश्न अधिक बिकट होतो. प्रस्तुत लेखात लिनक्स कर्नलच्या आधारे या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

समस्येचे स्वरूप

1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा आरंभ केला, तेव्हा कालगणना सेकंदाला 100 ठोके देणाऱ्या टायमरवर अवलंबून होती. 1996 मध्ये ऊर्जा व्यवस्थापनाचे एसीपीआय हे मानक आले आणि निद्रावस्था ही संगणकाची नित्याची अवस्था बनली. या अवस्थेत टायमर थांबतो, तर प्रोसेसरमधील गणक पुष्कळदा शून्यावर येतो. जागे राहते ते केवळ बॅटरीवर चालणारे घड्याळ. परंतु त्याची मोजणी सामान्यतः पूर्ण सेकंदांतच असते. अशा संधिकालात कर्नलमधील एखाद्या आज्ञावलीने वेळ विचारल्यास तिला निरर्थक आकडा मिळण्याचा धोका असतो.

उपायांची वाटचाल

2006 मध्ये जॉन स्टुल्ट्झ यांच्या कार्यामुळे लिनक्सच्या 2.6.18 या आवृत्तीत कालगणनेची सामायिक चौकट आली. निद्रेपूर्वी कालगणना थांबवावी, तशी खूण नोंदवावी आणि जाग आल्यावर निद्रेचा अवधी भिंतीवरील घड्याळाच्या वेळेत मिळवावा, अशी ही पद्धती होय. 'मोनोटॉनिक' घड्याळात मात्र हा अवधी धरला जात नाही. त्यामुळे निद्राकाळही मोजणारे 'बूटटाइम' हे स्वतंत्र घड्याळ 2011 मध्ये 2.6.39 या आवृत्तीत देण्यात आले. कालगणना थांबलेली असताना नेहमीच्या मार्गाने वेळ विचारल्यास कर्नल इशारा नोंदवतो, म्हणजेच चूक लपवण्याऐवजी ती उघड करतो.

तथापि, रोखता न येणाऱ्या इंटरप्टमध्येही वेळ लागतेच. वेळेची माहिती अद्ययावत होत असतानाच असा इंटरप्ट आल्यास वाचणारी आज्ञावली अंतहीन प्रतीक्षेत अडकू शकते. यावर थॉमस ग्लाइक्सनर यांनी 2014 मध्ये 3.17 या आवृत्तीत उपाय योजला. माहितीच्या दोन प्रती ठेवायच्या आणि एक बदलत असताना दुसरी वाचायची. या सोयीचे मोल म्हणून क्वचित वेळ किंचित मागे गेल्यासारखी दिसू शकते. हा जलद मार्ग निद्राकाळातही निर्धोक करण्याचे काम राफाएल विसोत्स्की यांनी 2015 मध्ये केले. निद्रेपूर्वी गणकाचा अखेरचा आकडा जपून ठेवला जातो आणि विचारणा झाल्यास तोच परत दिला जातो. मिळणारी वेळ गोठलेली असते, पण बेभरवशाची नसते.

2018 चा धडा

2018 मध्ये 4.17 या आवृत्तीच्या विकासकाळात मोनोटॉनिक आणि बूटटाइम यांचे वर्तन एकच करण्याचा प्रयत्न झाला. तात्त्विकदृष्ट्या तो आकर्षक होता. परंतु निद्रेचा काळ मोजला जाऊ लागताच, जाग आल्यावर अनेक सेवांची मुदत संपल्याचे गृहीत धरले जाऊ लागले. सिस्टमडीसारख्या आज्ञावल्यांना त्याचा फटका बसला. परिणामी, आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच तो बदल मागे घेण्यात आला.

निष्कर्ष

या वाटचालीवरून असे दिसते की संगणकातील काळ हा एकच नसून प्रयोजनानुसार भिन्न असतो. घटनांमधील कार्यकाळ मोजायचा की निद्रेसह लोटलेला काळ, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी ठरवावे लागते. त्याचबरोबर, एकदा रूढ झालेला कालसंकेत हा वापरणाऱ्यांशी केलेला करारच ठरतो. तो अधिक तर्कशुद्ध करण्याच्या भरात मोडला, तर सुधारणाच बिघाडाचे कारण ठरते.