पहिली टेलिफोटो लेन्स : तीनशे पुरे की सहाशे हवी?

जांभूळ हे नाव वर्तमानपत्रांत बहुधा पाणीकपातीच्या बातमीत येते. औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र या गावी आहे आणि ते दुरुस्तीसाठी बंद राहिले की आसपासच्या शहरांतील नळ कोरडे पडतात. उल्हास नदीचा हा काठ आणि तेथून बारवी धरणाच्या बाजूचा वनपट्टा यांचा आणखी एक उपयोग मात्र बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथील हौशी मंडळींना ठाऊक आहे. रविवारी पहाटे निघावे, बगळे, पाणकावळे, खंड्या, वेडा राघू, टिटवी यांच्या सहवासात दोन-तीन तास घालवावेत आणि जेवणाच्या वेळेपर्यंत घरी परतावे, एवढ्या जवळ हा परिसर आहे. वन्यजीव छायाचित्रणाचा श्रीगणेशा करण्यास ताडोबाच गाठले पाहिजे असे नाही.

पहिल्या फेरीतच एक गोष्ट लक्षात येते. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या १८-५५ मि.मी. लेन्सने टिपलेला खंड्या छायाचित्रात ठिपक्याएवढा दिसतो. मग दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो झूम लेन्सचा शोध सुरू होतो आणि नवख्याची गाठ आकड्यांच्या जंजाळाशी पडते. दुकानदार सहाशेची भलामण करतो, मित्र म्हणतो तीनशे पुरे. नव्या १५०-६०० मि.मी. लेन्सची किंमत लाखाच्या आसपास जाते, तर ५५-२५० किंवा ७०-३०० वर्गातील लेन्स त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आगेमागे मिळते. मध्यमवर्गीय घरात हा फरक काही महिन्यांच्या शिलकीचा असतो. म्हणून निर्णय आकड्याच्या मोठेपणावर न घेता साध्या गणितावर घ्यावा.

गणित असे आहे. नवशिक्यांकडील बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. निकॉनमध्ये त्याची रुंदी सुमारे २३.५ मि.मी., कॅननमध्ये सुमारे २२.३ मि.मी. असते. सेन्सरच्या रुंदीला अंतराने गुणून लेन्सच्या मि.मी.ने भागले की चौकटीत किती रुंद दृश्य मावेल ते कळते. पंधरा मीटरवरील फांदीकडे ३०० मि.मी. लेन्स रोखली, तर चौकटीत सुमारे १ मीटर १७ सें.मी. रुंदीचे दृश्य येते. आपला नेहमीचा पांढऱ्या गळ्याचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २७-२८ सें.मी. भरतो, म्हणजे तो चौकटीचा जेमतेम चौथा हिस्सा व्यापतो. ६०० मि.मी.ने तो जवळपास निम्मी चौकट व्यापेल. अंतर दहा मीटरवर आले तर ३०० मि.मी.नेही तो एकतृतीयांशाहून अधिक जागा घेतो, आणि आजच्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच्या भोवतीचा भाग कापून चांगले छायाचित्र सहज मिळते.

हेच गणित वाघाला लावले की चित्र पालटते. ताडोबात किंवा पेंचमध्ये जिप्सीपासून वीस मीटरवर वाघ उभा असेल, तर ३०० मि.मी.च्या चौकटीत सुमारे दीड मीटर रुंदीचे दृश्य मावते. शेपटीसह पूर्ण वाढलेला वाघ त्यात बसतही नाही. ६०० मि.मी. लेन्स लावून बसलेल्या पर्यटकाला केवळ मुखवटा मिळतो, आणि वाघ रस्ता ओलांडू लागला की तोही हातचा जातो. भिगवणला उजनीच्या जलाशयात होडी रोहित पक्ष्यांच्या थव्याजवळ जाते, तेथेही मध्यम पल्ल्याची झूम अधिक कामाची. ठाणे खाडीतील रोहित अभयारण्य (घोषणा २०१५, रामसर स्थळाचा दर्जा २०२२) याउलट. तेथे चिखलपट्टा विस्तीर्ण असल्याने थव्याचे दृश्य तीनशेने उत्तम मिळते, परंतु एकट्या पक्ष्याच्या डोळ्यातील रंग टिपायचा तर ती अपुरीच पडते. लहान, लाजऱ्या पक्ष्यांसाठी मि.मी. जितके अधिक तितके बरे, हे मान्य केले पाहिजे.

लेन्स कमी पडली तर

अपुऱ्या लेन्सवर सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे चार पावले पुढे जाणे. येथेच नवखा छायाचित्रकार नकळत अपराधाच्या जवळ पोहोचतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. नदीकाठी उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करू लागली, तर ती छायाचित्रासाठी संधी देत नसते. जवळपास उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगात मिसळून गेलेली तिची अंडी असतात. अशा वेळी खाली पाहत, आल्या वाटेने मागे फिरावे. पावसाच्या सुरुवातीस नवरंग येतो आणि त्याच्या मागोमाग कॅमेऱ्यांची गर्दी येते. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावण्याचा प्रकारही सर्रास चालतो. विणीच्या हंगामात आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला असे समजून तो पक्षी अंडी-पिले सोडून धावतो. त्याची किंमत छायाचित्रात दिसत नाही.

तीनशेची लेन्स असलेल्याने त्यापेक्षा एका जागी बसावे. कपडे मातकट रंगाचे असावेत, पाठीमागे झुडूप असावे, सूर्य पाठीशी असावा. खंड्या आणि वेडा राघू ठरलेल्या फांदीवर वारंवार परत येतात. अर्ध्या तासाने तुमची दखल घेणे ते सोडून देतात आणि पंधरा मीटरचे अंतर आपोआप दहा मीटर होते. धरण व जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात प्रवेशावर आणि छायाचित्रणावर मर्यादा असतात, तसेच पावसाळ्यात धरण व धबधब्यांच्या परिसरासाठी प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. ते पाहूनच बेत आखावा.

प्रकाशाचा हिशेब

मि.मी.च्या पुढे लिहिलेला एफचा आकडा दुकानात दुर्लक्षिला जातो आणि जंगलात आठवतो. मि.मी.ला या आकड्याने भागले की प्रकाश आत येण्याच्या वाटेचा व्यास मिळतो. ३०० मि.मी. एफ/५.६ लेन्ससाठी तो सुमारे ५४ मि.मी. होतो, ६०० मि.मी. एफ/६.३ साठी सुमारे ९५ मि.मी. म्हणूनच पहिली लेन्स झोळीत मावते आणि दुसरीचे वजन दोन किलोंच्या घरात जाते. एफ/२.८ च्या महागड्या लेन्समध्ये एफ/६.३ च्या पाचपट प्रकाश येतो. कित्येक लाखांची किंमत त्यासाठीच मोजावी लागते.

स्वस्त लेन्सच्या मालकाने ही उणीव वेळेने भरून काढावी. सूर्योदयानंतरचे दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचा दीड तास उघड्या नदीकाठी एफ/६.३ पुरेसा पडतो. कर्नाळ्याच्या दाट सावलीत त्याच लेन्सने आयएसओ ३२०० वर न्यावा लागतो आणि छायाचित्रात दाणे दिसू लागतात. ते चालतील, हललेले छायाचित्र मात्र दुरुस्त होत नाही. तीनशेवर शटरचा वेग किमान १/५०० सेकंद ठेवावा आणि उडत्या पक्ष्यासाठी तो १/१६०० च्या वर न्यावा.

हाताची थरथर शोषून घेणारी योजना लेन्समध्ये असणे ही पहिल्या खरेदीची अट समजावी. कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी आणि सिग्मा ओएस. ही योजना आपला हात स्थिर करते, पक्ष्याला नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कोणती घ्यावी

कॅननच्या एपीएस-सी डीएसएलआरसाठी ईएफ-एस ५५-२५० मि.मी. एफ/४-५.६ आयएस एसटीएम (२०१३) ही आमच्या मते पहिली पसंती असावी. वजन ३७५ ग्रॅम, फोकस चपळ आणि नि:शब्द, शिवाय सुमारे ८५ सें.मी.वरील वस्तूही टिपता येते. त्यामुळे ठाण्याच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठीही तीच चालते. तिच्या शेजारी मांडलेल्या ७५-३०० मि.मी. लेन्सच्या मोहात पडू नये. पन्नास मि.मी. अधिक आणि किंमत कमी असली, तरी साध्या आवृत्तीत स्थिरीकरण नाही, फोकस मंद आहे आणि तीनशेवर प्रतिमा मऊ येते. अनेक नवखे कॅमेऱ्यासोबतच्या संचात ती घेतात आणि छायाचित्र फसले की दोष स्वत:च्या हाताला देतात.

निकॉनवाल्यांसाठी एएफ-पी डीएक्स ७०-३०० मि.मी. व्हीआर (२०१६) त्याच तोडीची, वजन ४१५ ग्रॅम. येथे दोन सापळे आहेत. याच लेन्सची व्हीआर नसलेली आवृत्ती जवळजवळ त्याच नावाने मिळते, म्हणून ‘व्हीआर’ ही अक्षरे पाहूनच पैसे द्यावेत. दुसरे म्हणजे एएफ-पी लेन्स डी-९०, डी-७००० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर फोकस करीत नाहीत. तेथे २००६ ची एएफ-एस ७०-३०० व्हीआर शोधावी. ती वजनाने पाऊण किलोची असली तरी दणकट आहे. उलट, डी-३००० व डी-५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे मोटर नसलेल्या जुन्या स्वस्त लेन्स त्यांवर हातानेच फोकस कराव्या लागतात. उडत्या घारीमागे ते जमणे कठीण.

डीएसएलआरची जागा आता मिररलेस कॅमेऱ्यांनी घेतली आहे. त्यात कॅननची आरएफ १००-४०० मि.मी. एफ/५.६-८ (२०२१) केवळ ६३५ ग्रॅमची असून चारशेचा पल्ला देते. एफ/८ हा आकडा पाहून दचकायला होते आणि सावलीत तो जाचतोही. पण मोकळ्या पाणथळीवर ती उत्तम सोबत करते. सोनीची ७०-३५० मि.मी. (२०१९) जवळपास तितकीच हलकी आहे, किंमत मात्र ‘परवडणारी’ या शब्दाला ताण देणारी.

टॅमरॉनने २०१३ मध्ये १५०-६०० जाहीर केली, पाठोपाठ सिग्माची कंटेम्पररी आली आणि २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० एफ/५.६. या तिघींनी हौशी भारतीय छायाचित्रकाराला प्रथमच लांब पल्ल्याच्या लेन्स आवाक्यात आणून दिल्या. त्या चांगल्याच आहेत. प्रश्न त्या केव्हा घ्याव्यात एवढाच. दोन किलोंची लेन्स बदलापूर लोकलच्या गर्दीत सांभाळणे आणि तासभर हातात धरणे हा वेगळा व्यायाम आहे. शिवाय पावणेतीन मीटरच्या आतील काही तिला दिसत नाही. वर्षभर तीनशेने काम करावे, संग्रहातील किती छायाचित्रे खरोखर पल्ल्याअभावी गेली आणि किती घाईमुळे, ते मोजावे. नंतरही सहाशे हवीच असे वाटले तर प्रथम एका सहलीपुरती भाड्याने घ्यावी. मुंबई-पुण्यात ती सोय आहे.

ज्यांना केवळ पक्षी ओळखण्यापुरता पुरावा हवा, त्यांनी निकॉनच्या पी-९०० (२०१५) किंवा पी-९५० (२०२०) या धर्तीच्या एकसंध झूम कॅमेऱ्यांचाही विचार करावा. २००० मि.मी.च्या तोडीचा पल्ला त्यात मिळतो. सेन्सर नखाएवढा असल्याने भल्या पहाटे किंवा दाट सावलीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

जुनी लेन्स आणि बुरशी

अर्ध्या किमतीत जुनी लेन्स मिळते आणि ती घेण्यात कमीपणा मुळीच नाही. फोर्टमधील बोरा बाजार परिसरात कॅमेऱ्यांची विक्री आणि दुरुस्ती करणारी दुकाने आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून चालत जाता येते. कोकणपट्टीच्या दमट हवेत जुन्या लेन्सचा खरा शत्रू बुरशी. लेन्सच्या एका टोकाकडून मोबाइलचा दिवा तिरपा टाकावा आणि दुसऱ्या टोकाकडून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा किंवा धुरकट डाग दिसले तर सौदा तेथेच थांबवावा. चार धूलिकण मात्र प्रतिमेवर परिणाम करीत नाहीत. झूमची कडी पूर्ण फिरवून कोठे अडकते का ते पाहावे. आपला कॅमेरा सोबत न्यावा, सर्वांत लांब पल्ल्यावर आणि सर्वांत उघड्या छिद्रावर दुकानाबाहेरील पाटीची दहा-बारा छायाचित्रे घ्यावीत आणि तेथेच मोठी करून तपासावीत. पाटीचा एक कोपरा स्पष्ट आणि दुसरा पुसट येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याचा संभव असतो.

घरी आणलेली लेन्स, नवी असो वा जुनी, चामड्याच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती ठेवावी आणि जून ते सप्टेंबर या काळात पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरावी. खरेदीच्या पावतीवर लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि नव्या लेन्सचे हमीपत्र भारतातील अधिकृत वितरकाचे आहे की परस्पर आयात मालाचे, ते दुकानातच विचारावे. दुसऱ्या प्रकारातील माल स्वस्त पडतो, परंतु बिघडल्यास कंपनीचे सेवा केंद्र हमीखाली तो दुरुस्त करून देईलच असे नाही.