राणी व्हिक्टोरियाच्या काळातील कॉलेजकन्या

मुलगी दहावी झाली की पालक शाळेत येतात आणि हळूच विचारतात, "गुरुजी, शिकवायचे तर आहे, पण घराबाहेर राहायचे म्हणजे कसे?" वाचकहो, हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे समजू नका. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील सुखवस्तू घरांतही तो असाच विचारला जात होता.

१८६९ च्या ऑक्टोबरात एमिली डेव्हिस या बाईंनी अवघ्या पाच विद्यार्थिनी घेऊन हिचिन या गावी कॉलेज काढले. केंब्रिजमध्ये का नाही? तेथे तरुण मुलांची गर्दी. पालक बिथरले असते. म्हणून प्राध्यापकच आगगाडीने हिचिनला येत व शिकवून परत जात. १८७३ साली कॉलेज गर्टनला आले, तेही केंब्रिजपासून दोन-अडीच मैल दूरच. व्याख्यानासाठी शहरात जायचे तर घोडागाडी हवी, आणि मुलीसोबत एखादी पोक्त बाई हवी. मुलीच्या खोलीत परपुरुषाला मज्जाव होता. हिचिनच्या दिवसांत मुलींनी आपापसांत शेक्सपिअरच्या नाटकातील प्रवेश केले, त्यात पुरुषपात्रांसाठी पुरुषी पोशाख घातला, तर खुद्द एमिलीबाईच रागावल्या! बाहेर बोभाटा झाला तर कॉलेजच बुडेल, ही त्यांची भीती. मला त्या बाईंचा राग येत नाही. समाजाचा विश्वास एकदा गेला की संस्था उभी राहत नाही, हे त्या जाणून होत्या.

मग एवढ्या बंधनांत मुलींना मिळाले काय? खोली! गर्टनमध्ये प्रत्येक विद्यार्थिनीला निजायची एक आणि बसायची एक जागा स्वतंत्र मिळे. आपल्याला यात विशेष वाटणार नाही. पण त्या काळची मुलगी घरी दिवाणखान्यात बसे. पाहुणे आले की पुस्तक मिटे, आईने हाक मारली की लेखणी खाली. भावाच्या अभ्यासात कोणी व्यत्यय आणीत नसे, तिच्या अभ्यासात मात्र सर्वांनाच हक्क. कॉलेजात प्रथमच तिला दार लावून घेता आले, आणि आपल्या मनाने उघडताही आले.

ते दार उघडे रात्री. दिवसभराचा अभ्यास संपला की मुली एकमेकींना खोलीवर कोकोचे आमंत्रण देत. शेगडीवर किटली, चार मैत्रिणी, आणि गप्पा गणितापासून राजकारणापर्यंत. रीतिरिवाज मात्र तेथेही कडक! सगळ्या एकमेकींना 'मिस अमुक' म्हणत. नुसत्या नावाने हाक मारायची तर आधी वरच्या वर्गातील मुलीने तसा प्रस्ताव मांडायचा. वादविवाद मंडळ होते, टेनिस होते. गर्टनच्या मुलींनी तर आगीचा बंबही चालवायला शिकून स्वतःचे अग्निशामक दल उभारले होते.

१८९० साली न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटने गणिताच्या परीक्षेत सर्व मुलांच्या वर गुण मिळविले. त्या रात्री मैत्रिणींनी मोठी शेकोटी पेटवून जल्लोष केला. पण पदवी? ती नाहीच. १८९७ मध्ये मुलींना पदवी द्यावी का यावर केंब्रिजमध्ये मतदान झाले, तेव्हा मुलांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा चौकात टांगला. ठरावाच्या बाजूने साडेसहाशेच्या आसपास मते, विरोधात सुमारे सतराशे.

आपल्या नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाली. १८९२ मध्ये तिने कायद्याची परीक्षा दिली, तेथे ती देणारी पहिली स्त्री. पदवी हातात पडायला मात्र १९२२ साल उजाडले. तोवर तिने पन्नाशी ओलांडली होती. केंब्रिजने तर मुलींना पूर्ण पदवी दिली १९४८ साली, आपला देश स्वतंत्र झाल्यानंतर.