वस्तुग्रहण, अर्भकाचे

वस्तुग्रहण, अर्भकाचे : समोरच्या वस्तूकडे हेतुपूर्वक हात नेऊन ती धरण्याचे व इच्छेनुसार सोडण्याचे कौशल्य. नवजात अर्भकाच्या तळहातास बोट लावताच मूठ घट्ट मिटते; परंतु ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असून तीत ना निवड असते ना हेतू, आणि चौथ्या ते सहाव्या महिन्यांच्या दरम्यान तिचा अंमल ओसरू लागतो, तसतसा ऐच्छिक पकडीस वाव मिळतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून मूल पाळण्यावरील खुळखुळ्याकडे हात टाकू लागते. मात्र प्रारंभी तो हात अडखळत, वाकडातिकडा जातो, कारण खांद्यावर ताबा आधी येतो व बोटांवर मागाहून. येल विद्यापीठात हॅल्व्हर्सन यांनी १६ ते ५२ आठवड्यांच्या अर्भकांना एक इंची लाल ठोकळा देऊन त्यांच्या हालचालींचे चित्रपट घेतले व त्यांवरून १९३१ साली पकडीचे दहा प्रकार नोंदविले. आरंभी अंगठा अलिप्तच राहून बोटे ठोकळा तळव्याशी दाबून धरतात. पुढे अंगठा बोटांसमोर येतो, आणि नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास भुईवर सांडलेले शीतही चिमटीत सापडते. धरलेली वस्तू आपण होऊन सोडणे त्याहून दुष्कर असून ते वर्षअखेरीस साधू लागते.

हा क्रम मज्जासंस्थेच्या परिपक्वतेने ठरतो, असे आर्नल्ड गेसेल यांचे प्रतिपादन होते. एस्थर थेलेन यांनी मात्र १९९३ च्या अभ्यासात चार अर्भकांचे निरीक्षण करून दाखविले, की ज्याचे हात मुळातच जोराने उडतात त्यास वेग आवरावा लागतो, तर जे शांत असते त्यास हात उचलण्यापुरते बळ एकवटावे लागते. म्हणजे साध्य एकच असले, तरी प्रत्येक अर्भक आपल्याच देहाच्या स्वभावाशी तडजोड करीत तेथवर पोहोचते. त्याच वर्षी क्लिफ्टन व सहकाऱ्यांना असे आढळले, की स्वतःचा हात दिसत नसतानाही अर्भके अंधारातील चमकत्या वस्तूपर्यंत तो नेतात. अर्थात हाताचे स्थान त्यांस आतूनच उमगत असते.

धर्मशास्त्रात सहाव्या महिन्यातील अन्नप्राशनानंतर, म्हणजे उष्टावणानंतर, मुलापुढे पुस्तक, शस्त्र, हत्यारे इत्यादी मांडून ते प्रथम कशास स्पर्श करते त्यावरून त्याची उपजीविका ताडण्याची ‘जीविकापरीक्षा’ सांगितली आहे. हात नुकताच इच्छेच्या हुकमतीखाली येतो, त्याच वयाचा हा विधी होय.

वस्तुग्रहणाच्या टप्प्यांत काही आठवड्यांचे मागेपुढे होणे स्वाभाविक असते. परंतु वर्षाच्या आतच मूल एकाच हाताचा हट्टाने वापर करू लागल्यास दुसऱ्या हाताची वैद्यकीय तपासणी करून घेणे इष्ट ठरते.